ऑनलाइन बाजारपेठेतील छोटा विक्रेता आणि त्याच्या पाठीशी असलेला सॉफ्टवेअर उद्योग

इंटरनेटवरून होणाऱ्या खरेदी-विक्रीची चर्चा बहुधा दोनच घटकांभोवती फिरते. एक ग्राहक आणि दुसरी मोठी ऑनलाइन बाजारपेठ. या दोहोंच्या मध्ये प्रत्यक्ष माल पुरविणारा विक्रेता उभा असतो आणि त्याचे दैनंदिन काम सुसह्य करणारा एक स्वतंत्र सॉफ्टवेअर उद्योग गेल्या दीड-दोन दशकांत देशात उभा राहिला आहे. दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा हा राजधानी परिसर या उद्योगाच्या प्रमुख केंद्रांपैकी एक आहे. लघुउद्योगांचे भवितव्य, करप्रशासन, स्पर्धा कायदा व ग्राहक संरक्षण असे अनेक विषय या उद्योगाशी निगडित असल्याने अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकाने त्याचे स्वरूप समजून घेणे आवश्यक ठरते.

राजधानीतील घाऊक बाजार : एक पार्श्वभूमी

कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. एकोणिसाव्या शतकात ते दिल्लीत वास्तव्यास होते. उत्तर दिल्लीच्या टेकडीवरील त्यांचा वाडा, त्या ठिकाणचे रुग्णालय आणि सदर बाजाराला लागून असलेली ‘बाडा हिंदूराव’ ही वस्ती या सरदाराचे नाव आजही चालवीत आहेत. बाडा हिंदूराव, आझाद मार्केट आणि सदर बाजार हा सलग पट्टा घाऊक व्यापाराचा आहे. ताडपत्री व कॅनव्हासपासून भांडी, खेळणी, सजावटीचे सामान आणि घरगुती वापराच्या असंख्य वस्तूंपर्यंतचा माल येथून उत्तर भारतभर जातो.

अशा बाजारातील व्यापाऱ्याचे भांडवल म्हणजे माल, उधारी आणि ओळख. गिऱ्हाईक दुकानात येते, माल पाहते, भाव ठरतो आणि मालाचा गठ्ठा एकाच ठिकाणी रवाना होतो. ऑनलाइन विक्रीत हा क्रम पूर्णपणे बदलतो. एका गठ्ठ्याच्या जागी शंभर स्वतंत्र पाकिटे शंभर पत्त्यांवर पाठवावी लागतात. प्रत्येक पाकिटाचे बीजक वेगळे, प्रत्येकाची वाहतूक वेगळी आणि त्यांतील काही पाकिटे परतही येणार. माल तोच असला, तरी त्यामागील हिशेबाचे काम अनेक पटींनी वाढते. या वाढलेल्या कामातूनच विक्रेत्यांसाठीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांचा जन्म झाला.

भारतातील ऑनलाइन बाजारपेठेची वाटचाल

लघुउद्योगांना खरेदीदारांशी जोडणारे ‘इंडियामार्ट’ हे संकेतस्थळ १९९६ मध्ये सुरू झाले. त्याचे मुख्यालय नोएडात आहे. सर्वसामान्य ग्राहकांसाठी मुंबईतील ‘बाझी डॉट कॉम’ने २००० मध्ये लिलावाच्या स्वरूपात ऑनलाइन विक्री सुरू केली. अमेरिकेतील ‘ईबे’ने २००४ मध्ये ही कंपनी विकत घेतली. ‘फ्लिपकार्ट’ची स्थापना २००७ मध्ये बंगळूरु येथे झाली. दिल्लीतून २०१० मध्ये सुरू झालेली ‘स्नॅपडील’ पुढे ऑनलाइन बाजारपेठेत रूपांतरित झाली. जून २०१३ मध्ये ‘अॅमेझॉन’ने भारतात आपली बाजारपेठ खुली केली.

येथे दोन प्रारूपांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. ज्या प्रारूपात कंपनी स्वतः माल खरेदी करून ग्राहकाला विकते, त्याला साठा-आधारित प्रारूप म्हणतात. ज्यात कंपनी केवळ विक्रेता व ग्राहक यांची गाठ घालून देते, ते बाजारपेठ प्रारूप होय. केंद्र सरकारने २०१६ च्या प्रेस नोट ३ द्वारे बाजारपेठ प्रारूपात शंभर टक्के थेट परकीय गुंतवणुकीस स्वयंचलित मार्गाने परवानगी दिली. साठा-आधारित प्रारूपास मात्र ती दिली नाही. २०१८ ची प्रेस नोट २ ही १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. बाजारपेठ चालविणाऱ्या कंपनीचा ज्या विक्रेत्यामध्ये भागभांडवली सहभाग आहे, त्याला त्या बाजारपेठेवर माल विकण्यास तिने प्रतिबंध केला.

परकीय भांडवलावर चालणाऱ्या मोठ्या बाजारपेठांना विक्रेत्यांवाचून गत्यंतर राहिले नाही, हा या धोरणाचा एक परिणाम. हजारो छोटे विक्रेते, आणि तेही एकाच वेळी अनेक बाजारपेठांवर विक्री करणारे, अशी रचना त्यातून दृढ झाली.

एकाच मालाची अनेक दुकाने

विक्रेत्याची पहिली अडचण एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एका व्यापाऱ्याजवळ विशिष्ट प्रकारचे ४० डबे आहेत आणि तो तीन ऑनलाइन बाजारपेठांवर विक्री करतो असे समजू. तिन्ही ठिकाणी ४० डबे उपलब्ध असल्याचे त्याने दाखविले, तर प्रत्यक्षात ४० असताना त्याने १२० डब्यांचे आश्वासन दिलेले असते. सणासुदीच्या दिवसांत एकाच तासात मागणी आली की काही ऑर्डर रद्द करणे भाग पडते. ऑर्डर रद्द करणाऱ्या विक्रेत्याचे मानांकन घसरते, त्याला दंड होऊ शकतो आणि त्याचा माल शोधाच्या यादीत मागे पडू शकतो.

यावर उपाय म्हणून त्याने १५, १५ आणि १० अशी साठ्याची विभागणी केली, तर दुसरीच अडचण उद्भवते. एका बाजारपेठेवरचे १५ डबे संपतात आणि तेथील ग्राहक विन्मुख परततो. त्याच वेळी दुसऱ्या दोन ठिकाणांसाठी राखलेला माल गोदामात पडून राहतो.

विक्रेत्यांसाठीचे सॉफ्टवेअर ही कोंडी फोडते. ते सर्व बाजारपेठांशी जोडलेले असते. दोन संगणक प्रणालींनी एकमेकींशी ठरावीक भाषेत माहितीची देवाणघेवाण करण्याच्या या व्यवस्थेला ‘एपीआय’ असे म्हणतात. एका ठिकाणी एक डबा विकला गेला की उरलेल्या सर्व ठिकाणी साठ्याचा आकडा एकाने कमी होतो. माहिती पोहोचण्यास लागणारा विलंब लक्षात घेऊन काही नग राखीव ठेवण्याची सोयही त्यात असते.

साठ्याच्या ताळमेळानंतर गोदामातील काम येते. सर्व ठिकाणच्या ऑर्डर एकाच पडद्यावर दिसतात आणि कोणत्या फडताळातून कोणता माल काढावयाचा याची यादी तयार होते. बारकोड वाचून योग्य माल योग्य पाकिटात गेल्याची खात्री होते. बीजक व पत्त्याची चिठ्ठी छापली जाते आणि कुरिअर कंपनीला द्यावयाच्या पाकिटांची यादी सिद्ध होते. परत येणाऱ्या मालाची नोंद हा यापुढील आणि अधिक किचकट भाग. ग्राहकाने वापरून परत केलेला माल व पत्त्यावर कोणी न भेटल्याने परत आलेला माल यांची वर्गवारी वेगळी ठेवावी लागते. विशेषतः माल मिळाल्यावर रोख पैसे देण्याची पद्धत भारतात रूढ असल्याने दुसऱ्या प्रकारचे प्रमाण दुर्लक्षण्याजोगे नसते. खराब वा बदललेला माल परत आल्यास भरपाईचा दावा ठरावीक मुदतीतच करावा लागतो. ज्याची नोंद नाही, तो दावा बुडतो.

राजधानी परिसरातील कंपन्या

या क्षेत्रातील एक ठळक उदाहरण म्हणजे ‘युनिकॉमर्स ई-सोल्युशन्स’. २०१२ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या या कंपनीचे मुख्य कामकाज गुरुग्राममधून चालते. २०१५ मध्ये ‘स्नॅपडील’ने ती विकत घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने सार्वजनिक भागविक्री केली. १०८ रुपये प्रतिसमभाग या दराने झालेली ही सुमारे २७७ कोटी रुपयांची विक्री पूर्णतः विद्यमान भागधारकांच्या समभागांची होती. नवीन भांडवल त्यातून कंपनीकडे आले नाही. १३ ऑगस्ट २०२४ रोजी समभागांची नोंदणी शेअर बाजारात झाली. २०२३-२४ या आर्थिक वर्षात कंपनीचे कामकाजातून मिळालेले उत्पन्न सुमारे १०४ कोटी रुपये व नफा सुमारे १३ कोटी रुपये होता. विक्रीच्या उलाढालीच्या मानाने हे आकडे लहान आहेत. सॉफ्टवेअर कंपनी मालाच्या किमतीवर नव्हे, तर मुख्यत्वे हाताळल्या गेलेल्या व्यवहारांच्या संख्येवर शुल्क आकारते, हे त्याचे कारण होय.

नोएडातील ‘विन्क्युलम’ ही याच क्षेत्रातील आणखी एक कंपनी. गोव्यातून सुरू झालेल्या ‘ब्राउनटेप’ने अनेक बाजारपेठांवरील विक्री एकत्र सांभाळण्याची सेवा देऊ केली. बंगळूरुमध्येही अशा कंपन्या आहेत. या सर्वांचे प्रारूप समान आहे. सॉफ्टवेअर विकत घेऊन आपल्या संगणकावर बसविण्याऐवजी विक्रेता ते इंटरनेटवरून भाड्याने वापरतो. त्यामुळे मोठी प्रारंभिक गुंतवणूक न करता लहान व्यापाऱ्यालाही मोठ्या कंपनीसारखी व्यवस्था उपलब्ध होते.

हिशेबाचा गुंता : एक उदाहरण

ऑनलाइन विक्रेत्याच्या खात्यात जमा होणारी रक्कम आणि मालाची किंमत यांत मोठे अंतर असते. करविषयक तरतुदी समजून घेण्यासाठी पुढील काल्पनिक उदाहरण उपयुक्त ठरेल. मालाची करपूर्व किंमत १००० रुपये आणि वस्तू व सेवा कराचा दर ५ टक्के आहे असे मानू. ग्राहक १०५० रुपये देतो. बाजारपेठेचे कमिशन १२० रुपये आणि वाहतूक व हाताळणी ८० रुपये, मिळून २०० रुपये शुल्क होते. या शुल्कावर १८ टक्के दराने ३६ रुपये कर लागतो.

यांखेरीज दोन कपाती होतात. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ५२ नुसार ई-वाणिज्य चालकाने विक्रेत्याच्या निव्वळ करपात्र विक्रीवर कर गोळा करून सरकारजमा करावयाचा असतो. ही तरतूद १ ऑक्टोबर २०१८ पासून एक टक्का दराने अमलात आली आणि १० जुलै २०२४ पासून हा दर अर्धा टक्का करण्यात आला. उदाहरणात ही रक्कम ५ रुपये होते. दुसरी कपात प्राप्तिकराची. प्राप्तिकर कायदा १९६१ मध्ये समाविष्ट झालेले कलम १९४-ओ हे १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाले. त्यातील एक टक्का हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. प्राप्तिकर कायदा २०२५ मध्ये कलमांची मांडणी बदलली असली, तरी अभ्यासकाने या तरतुदीचा उगम लक्षात ठेवावा. उदाहरणात ही कपात १ रुपया आहे.

म्हणजे १०५० मधून २००, ३६, ५ आणि १ रुपया वजा जाता विक्रेत्याच्या हाती ८०८ रुपये पडतात. त्यातून ग्राहकाकडून घेतलेला ५० रुपये कर त्याला सरकारला द्यावयाचा आहे. उलटपक्षी शुल्कावरील ३६ रुपयांची वजावट आणि आधीच कापलेले ५ व १ असे ४२ रुपये त्याच्या खात्यावर जमा धरले जातात. अखेरीस त्याची खरी मिळकत ८०० रुपये ठरते आणि त्यातून मालाची खरेदी किंमत भागवावी लागते.

हा हिशेब एका पाकिटाचा झाला. महिन्याला पाच हजार पाकिटे, तीन बाजारपेठा, प्रत्येकीची शुल्काची वेगळी रीत आणि पैसे देण्याचे वेगळे दिवस विचारात घेतले म्हणजे वहीत नोंदी ठेवून हा ताळा जमविणे किती कठीण आहे याची कल्पना येते. एखाद्या पाकिटाचे वजन चुकीने जास्त धरले गेले, तर वाहतूक शुल्कात फरक पडतो. तो फरक लक्षातच आला नाही, तर नफ्यातून निमूटपणे जातो. अपेक्षित रक्कम आणि प्रत्यक्ष जमा रक्कम यांची तुलना करून असे फरक दाखविणे हे विक्रेत्यांसाठीच्या सॉफ्टवेअरचे अत्यंत मोलाचे कार्य आहे.

नोंदणी व गोदाम यांचे प्रश्न

वस्तू व सेवा कराची नोंदणी राज्यनिहाय असते. दिल्लीतील विक्रेत्याने पश्चिम भारतातील ग्राहकांपर्यंत लवकर पोहोचण्यासाठी भिवंडीच्या गोदामात माल ठेवला, तर त्याला महाराष्ट्रातही नोंदणी करावी लागते. एकाच व्यक्तीच्या दोन राज्यांतील नोंदण्या कायद्याने भिन्न मानल्या जातात. त्यामुळे दिल्लीहून भिवंडीस पाठविलेल्या स्वतःच्याच मालावरही कर आकारावा लागतो व नंतर त्याची वजावट मिळते. कोणत्या राज्यात किती साठा आहे याची अचूक नोंद येथे कायदेशीर गरज बनते.

ऑनलाइन बाजारपेठेवरून वस्तू विकणाऱ्यास प्रारंभी उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची होती. दुकानदारास मिळणारी उलाढालीची सूट त्याला नव्हती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत विक्री करणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना काही अटींवर ही सवलत देण्यात आली. परराज्यात माल विकावयाचा झाल्यास नोंदणी आवश्यकच राहते. घरगुती उत्पादने करणाऱ्या महिला बचत गटांच्या दृष्टीने हा बदल विशेष महत्त्वाचा आहे.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झाले. विक्रेत्याचा तपशील व मालाचा मूळ देश जाहीर करणे, तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व एका महिन्यात तिचे निवारण करणे अशा तरतुदी त्यांत आहेत. मालाच्या माहितीपत्रकात हे सर्व तपशील अचूक भरण्याचे कामही आता सॉफ्टवेअरकडे आले आहे.

माहितीवर अधिकार कोणाचा?

सॉफ्टवेअरमुळे विक्रेत्याचे श्रम वाचतात हे खरे असले, तरी त्यातून काही मूलभूत प्रश्न उपस्थित होतात. कोणता माल कोणत्या भावाने, कोणत्या शहरात व किती वेगाने खपतो ही माहिती पूर्वी व्यापाऱ्याच्या डोक्यात व त्याच्या वहीत असे. आता ती बाजारपेठ चालविणाऱ्या कंपनीकडे आणि सॉफ्टवेअर कंपनीकडे साठते. सॉफ्टवेअर कंपनीची मालकी एखाद्या बाजारपेठेकडे असल्यास हितसंबंधांच्या संघर्षाची शक्यता निर्माण होते. विक्रेता ज्या प्रतिस्पर्धी बाजारपेठांवरही विक्री करतो, तेथील व्यवहारांची माहिती कोणी पाहू नये यासाठी करारातील गोपनीयतेच्या तरतुदी, मालकीची स्पष्ट माहिती आणि नियामकांची देखरेख या तिन्हींची आवश्यकता असते.

व्यापक पातळीवर हाच प्रश्न स्पर्धा कायद्याच्या कक्षेत आला आहे. ‘दिल्ली व्यापार महासंघ’ या व्यापारी संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अॅमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्याविषयी चौकशीचा आदेश दिला. काही निवडक विक्रेत्यांना झुकते माप दिले जाते, असा तक्रारीचा आशय होता व कंपन्यांनी त्यास आव्हान दिले. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चौकशी रोखण्यास नकार दिला. डिजिटल स्पर्धेविषयीच्या समितीचा अहवाल कायद्याच्या मसुद्यासह मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या डिजिटल उद्योगांवर आगाऊ बंधने घालावीत की गैरवर्तन घडल्यानंतर कारवाई करावी, हा त्यातील कळीचा मुद्दा आहे.

खुल्या जाळ्याचा पर्याय

एकाच कंपनीच्या बाजारपेठेवर अवलंबून राहण्यास पर्याय म्हणून उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाच्या पुढाकाराने ‘डिजिटल वाणिज्यासाठी खुले जाळे’, अर्थात ‘ओएनडीसी’, उभारण्यात आले. ना-नफा तत्त्वावरील ही कंपनी डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झाली. एप्रिल २०२२ मध्ये दिल्ली राजधानी परिसर, बंगळूरु, भोपाळ, शिलाँग व कोइमतूर येथे प्रायोगिक तत्त्वावर तिचे काम सुरू झाले.

हे जाळे स्वतः बाजारपेठ नाही. ग्राहक ज्या अॅपवरून खरेदी करतो ते एक, विक्रेता ज्याद्वारे माल मांडतो ते दुसरे आणि वाहतूकदार तिसरा. हे सर्व समान नियमावलीने परस्परांशी जोडलेले असतात. बँकेचे खाते कोणत्याही बँकेत असले तरी पैसे कोणासही पाठविता यावेत, तशी ही कल्पना आहे. या रचनेत विक्रेत्यांना जाळ्याशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे स्थान मध्यवर्ती ठरते. विक्रेत्याला एका कंपनीची सेवा पसंत नसल्यास दुसरीकडे जाता येते व तरीही सर्व ग्राहक त्याच्यापर्यंत पोहोचू शकतात. जून २०२४ मध्ये सुरू करण्यात आलेल्या ‘एमएसएमई टीम’ योजनेत पाच लाख सूक्ष्म व लघुउद्योगांना या जाळ्याशी जोडण्याचे उद्दिष्ट असून त्यांतील निम्मे उद्योग महिलांचे असावेत, असे ठरविण्यात आले आहे.

तथापि, केवळ जाळे खुले असणे पुरेसे नाही. ग्राहकाला वेळेवर माल, सुलभ परतावा आणि तक्रारीची दाद हवी असते. एकाच कंपनीची बाजारपेठ असल्यास जबाबदारी कोणाची हे स्पष्ट असते. तीन-चार घटकांच्या साखळीत चूक नेमकी कोणाची, हे ठरविण्याची व्यवस्था तितकीच भक्कम असावी लागते.

उपसंहार

सदर बाजारातील घाऊक व्यापारी असो की कोल्हापुरी चपला विकणारा कारागीर, ऑनलाइन बाजारात त्याचे टिकणे तीन गोष्टींवर अवलंबून आहे. आपल्या मालाचा साठा, प्रत्येक व्यवहारातील खरी मिळकत आणि आपल्या ग्राहकांविषयीची माहिती या तिन्ही गोष्टी त्याच्या स्वतःच्या ताब्यात असल्या पाहिजेत. सॉफ्टवेअर त्याला पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी मिळवून देते. तिसरी गोष्ट मात्र तंत्रज्ञानापेक्षा कायद्यावर व करारावर अवलंबून आहे. एका सेवेकडून दुसरीकडे जाताना आपल्या सर्व नोंदी बरोबर नेण्याचा विक्रेत्याचा हक्क, शुल्काची पारदर्शकता आणि लहान विक्रेत्यास परवडणारे प्रशिक्षण या दिशेने धोरणाची पावले पडल्यास या उद्योगाचा लाभ मोठ्या कंपन्यांपुरता मर्यादित राहणार नाही. पूर्वी व्यापाऱ्याची वही त्याच्या गादीखाली असे. ती आता दूरच्या संगणकावर गेली असली, तरी तिचा मालक तोच राहिला पाहिजे.